रेडिओचा डावा उंट

"पोस्टमनकाका, डावा उंट काढा, डावा! घोडा कशाला चाळवताय उगाच?"

रेडिओ हे आरशाकडे बघत बोलत होता आणि त्याच वेळी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री चालवत होता. त्याच्या पाठीमागे भिंतीला लागून बाक होता, बाकाच्या मधोमध बुद्धिबळाचा पट होता आणि पटाच्या दोन बाजूंना दोन निवृत्त माणसं पाय वर घेऊन बसली होती. एक पोस्टमनकाका आणि दुसरे हेडसर. पोस्टमनकाकांनी मुकाट्याने उजवा उंट उचलला आणि पुढे नेऊन ठेवला.

"डावा म्हणाला तो," हेडसर म्हणाले.

"म्हणू दे. त्याला हाच म्हणायचं असतं," पोस्टमनकाका म्हणाले. "चौदा वर्षं ऐकतोय. आता सवय झाली."

रेडिओ हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की तो सुरू व्हायचा आणि संध्याकाळी शटर खाली आलं की बंद व्हायचा, त्यामुळे खरं नाव सगळ्यांच्या विस्मरणात गेलं होतं. पाणी किती वाजता येणार, कुणाच्या सुनेला नोकरी लागली, कोणत्या डॉक्टरचं इंजेक्शन दुखत नाही, सगळं त्याला ठाऊक असायचं आणि तो ते सगळ्यांना सांगायचा. बातम्या संपल्या की बुद्धिबळ. पट त्याने चौदा वर्षांपूर्वी आणून ठेवला होता तो रांगेतली गिऱ्हाइकं कंटाळून दुसऱ्या दुकानात जाऊ नयेत म्हणून. स्वतः तो कधीच खेळला नव्हता. खेळणार कसा? त्याचे दोन्ही हात कायम कुणाच्या तरी डोक्यात असायचे.

त्या दुकानाचा एक नियम होता. खुर्ची रिकामी झाली की रेडिओ खांद्यावरचा नॅपकिन फाट्‌कन झटकायचा आणि ओरडायचा, "चला, नंबर!" ज्याचा नंबर असेल त्याने उठायचं. मग पटावर काहीही चाललेलं असो, डाव तिथेच मोडायचा, सोंगट्या परत मांडायच्या आणि पुढच्या दोघांनी नवा डाव सुरू करायचा. चौदा वर्षांत त्या बाकावर हजारो डाव सुरू झाले आणि एकही संपला नाही. त्यामुळे डावाच्या पहिल्या बारा चाली रेडिओला पाढ्यासारख्या पाठ होत्या. बाराव्या चालीच्या पुढे काय होतं, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पण तसं त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

"सर, आता तुम्ही त्यांच्या उंटासमोर तुमचा उंट आणा," रेडिओ पुढे म्हणाला. "आणि मग काका, तुम्ही किल्लेकोट करून टाका. राजा आत, हत्ती बाहेर. माझं ऐका!"

हेडसरांनी हातातला उंट पटावर आदळला.

"अरे, तू शाळेत होतास तेव्हाही असाच बडबडायचास! माझ्या डोक्याला हात लावतोस ते ठीक आहे, तो तुझा धंदा. माझ्या डावाला कशाला लावतोस? कधी समोर बसून एक तरी डाव खेळलायस का?"

"सर, पाहून पाहून—"

"पाहून पाहून कुणी पोहायला शिकतं का? येत्या रविवारी वाचनालयाची स्पर्धा आहे. मी अध्यक्ष आहे. पहिल्या फेरीत तुझं नाव माझ्यासमोर लावतो. ये आणि बस."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने मान वळवली. रेडिओने ती परत सरळ केली. दुकानात तीन माणसं होती आणि तिन्ही माणसं त्याच्याकडे बघत होती. अशा वेळी गप्प बसणं शहाणपणाचं असतं, पण रेडिओला तेवढंच जमत नसे.

"येतो की! घाबरतो काय?"

"आणि हरलास तर," हेडसर एकेक शब्द चावत म्हणाले, "वर्षभर या दुकानात तोंड उघडायचं नाही. धंद्यापुरतं 'मान खाली' एवढं म्हणायचं. बास."

"आणि नाही हरलो तर?"

"तर तुझं दुकान आणि तुझी जीभ. मी परत एक अक्षर बोलणार नाही."

"कबूल!" रेडिओ म्हणाला आणि नॅपकिन झटकून ओरडला, "चला, नंबर!" हेडसर रागातच उठले आणि खुर्चीत जाऊन बसले. बाकावरचा डाव मोडला.

घरी ही बातमी रेडिओच्या आधी पोहोचली होती. बायको दारातच उभी होती आणि पुष्कळ दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

"अहो, खरंच वर्षभर गप्प?"

"हरलो तर."

"मग एक दिवस तालीम करून बघा ना. उद्याच करा. ऐनवेळी जमलं नाही तर पंचाईत व्हायची."

"मी हरणार आहे असं गृहीत धरलंस होय गं?"

"मी काही धरलं नाही. मी फक्त म्हटलं, तयारी असावी."

रेडिओने ईर्ष्येने तालीम केली. गुरुवारी सकाळी शटर वर गेलं आणि रेडिओ सुरू झाला नाही. पहिलं गिऱ्हाईक बसलं, तेव्हा "मान खाली" एवढंच म्हणाला. गिऱ्हाइकाने दोनदा आरशात त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" दुसरं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर विचारू लागलं, "माझं काही चुकलं का?" दुपारपर्यंत रेडिओच्या पोटात कळा यायला लागल्या. त्या दिवशी म्हणे दवाखान्याच्या डॉक्टरांनी स्वतःच्याच स्कूटरवर गाडी घातली होती, आणि ही बातमी पोटात ठेवून त्याने सात दाढ्या केल्या. सातव्या दाढीनंतर तो पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसला.

तेवढ्यात पोस्टमनकाका आले. काकांच्या डोक्यावर मोजून अकरा केस होते आणि तरीही ते आठवड्यातून तीनदा केस कापायला येत. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. रेडिओ ते अकरा केस अर्धा अर्धा तास कापायचा आणि सगळ्या गावाच्या बातम्या काकांना सांगायचा. त्याबद्दल तो कधी काही घेत नसे आणि दोघांपैकी कुणी ते बोलूनही दाखवत नसे.

"काय रे, आज काय विशेष?" खुर्चीत बसत काकांनी विचारलं.

"मान खाली," रेडिओ म्हणाला.

काकांनी मान खाली घातली. थोडा वेळ कात्रीचा आवाज येत राहिला. मग काका म्हणाले, "पोस्टातली नवी मुलगी म्हणे रजेवर गेली?" रेडिओने ओठ गच्च मिटून घेतले. काकांनी आणखी दोन प्रश्न विचारले, उत्तराची वाट पाहिली आणि पाच मिनिटांत चादर स्वतःच सोडवून उठले. "बरं, येतो," म्हणाले आणि काठी टेकत, चपला ओढत निघून गेले. दारात जरा थांबले, पण मागे वळले नाहीत.

रेडिओला फार वाईट वाटलं. इतका वेळ त्याला पैज म्हणजे गंमत वाटत होती. आता त्याच्या लक्षात आलं की आपण आपली जीभ लावली आहे खरी, पण तिच्याबरोबर त्या म्हाताऱ्याचे आठवड्यातले तीन दिवसही लावलेत. तो काकांच्या मागे रस्त्यात धावला आणि भर चौकात त्यांना गाठून डॉक्टरांच्या गाडीची अख्खी गोष्ट सांगितली. काका हसून हसून काठीवर वाकले. रेडिओची पोटदुखी तिथल्या तिथे थांबली.

"काका, मी हरणार नाही," तो म्हणाला.

"नको बाबा हरू," काका म्हणाले. "आपली नेहमीची सुरुवात कर. प्यादं, घोडा, उंट, किल्लेकोट. तू सांगतोस तशीच."

शुक्रवारी आणि शनिवारी रेडिओने कसून सराव केला. म्हणजे काय केलं, तर काकांना बाकावर पट मांडून बसवलं आणि स्वतः आरशासमोर उभा राहून, गिऱ्हाइकाचं डोकं करता करता, चाली सांगितल्या. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, एकदा समोर तरी बसून बघा." पण रेडिओ म्हणाला, "आचाऱ्याला काय पंगतीत बसवून स्वयंपाक शिकवणार आहेस?" पुढे जे झालं ते या एका वाक्यामुळे झालं.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत सोळा पट मांडले होते. वर्तमानपत्रांची टेबलं बाजूला सारली होती आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. रोज त्या पाटीची राखण करणाऱ्या वाचनालयाच्या बाईच स्पर्धेच्या पंच होत्या. त्यांच्या हातात एक पितळी घंटी होती. दुसऱ्या भिंतीवर हेडसरांचा फोटो होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'एकोणीस वर्षे अपराजित.' रेडिओने ते तीनदा वाचलं. त्याच्या पाठीमागच्या खुर्च्यांवर त्याची बायको आणि पोस्टमनकाका येऊन बसले.

रेडिओ पटासमोर बसला. पांढऱ्या सोंगट्या त्याच्या वाट्याला आल्या होत्या. त्याने पटाकडे पाहिलं, परत पाहिलं आणि मग राजा आणि वजीर उचलून त्यांच्या जागा बदलल्या. पलीकडे हेडसरांचेही बदलले. घोडेही त्याला तोंड फिरवून बसल्यासारखे वाटत होते, पण तोपर्यंत घंटी वाजली.

"काय करताय?" बाई कुजबुजल्या.

"बाई, राजा-वजीर उलटे मांडलेत कुणीतरी."

"बरोबर मांडलेत."

"अहो बाई, चौदा वर्षं माझ्या दुकानात रोज—"

"सगळ्या पटांवर असेच मांडलेत. बघा."

रेडिओने मान वर करून बघितलं. बाकीच्या पंधराही पटांवर राजा चुकीच्या बाजूला होता. एवढी माणसं एकदम चुकत नाहीत, एवढं त्यालाही कळत होतं. बाईंनी राजा-वजीर पुन्हा जागेवर ठेवले. आणि मग रेडिओच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण चौदा वर्षं पट पाहिला तो पाठीमागचा. म्हणजे आरशातला. आरशात आपण ज्याला डावा उंट म्हणत आलो, तो खरा उजवा! म्हणून आपण डावा म्हणालो की काका उजवा उचलायचे! अख्खं बुद्धिबळच आपण उलटं शिकलो!

घड्याळ सुरू झालं होतं. समोर हेडसर हाताची घडी घालून, शाळेत फळ्याजवळ उभं केल्यावर बघायचे तसे बघत होते. आता प्रत्येक चाल मनात उलटी करून खेळायची म्हणजे वेड लागायची पाळी. रेडिओने विचार केला आणि विचार करणं सोडून दिलं. हाताला सवय आहे ना, मग हातच खेळू दे. होईल ते होईल. वस्तरा धरताना तरी आपण कुठे विचार करतो?

हाताने डावीकडून चौथं प्यादं धरलं आणि दोन घरं पुढे नेलं. हे वजिरासमोरचं प्यादं होतं. हेडसरांच्या भुवया किंचित वर गेल्या. त्यांना राजाच्या प्याद्याची अपेक्षा होती. तीच सुरुवात तर रेडिओ दुकानात ओरडून ओरडून सांगायचा आणि तिच्यावरच्या उताऱ्यासाठी हेडसर चार दिवस दोन पुस्तकं उघडून बसले होते. दुसऱ्या चालीला रेडिओचा डावा घोडा बाहेर आला. तिसऱ्या चालीला डावा उंट. या वेळी खरोखरचा डावा.

हेडसरांनी हाताची घडी सोडली. ते पटावर वाकले आणि मग रेडिओकडे संशयाने बघू लागले.

"हे तुला कुणी शिकवलं?" ते अगदी हळू म्हणाले.

रेडिओला वाटलं, आपली चोरी पकडली. तो काही बोलला नाही. हे त्याच्या आयुष्यात फार क्वचित घडत असे. आणि त्याच्या न बोलण्याचा हेडसरांवर विलक्षण परिणाम झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुढच्या चालीला तब्बल अकरा मिनिटं घेतली.

चौथी चाल म्हणजे किल्लेकोट. रेडिओच्या हाताला हे पक्कं माहीत होतं. हात डावीकडून चौथ्या सोंगटीकडे गेला, तिचं मुंडकं धरलं आणि उचलली. उचलल्यावर त्याने तिच्याकडे बघितलं. तो राजा नव्हता, वजीर होता. राजा शेजारी उभा राहून त्याच्याकडे बघत होता. रेडिओने वजीर झटकन खाली ठेवला.

घंटी वाजली. "हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते," बाई म्हणाल्या.

"बाई, मी नुसती धूळ पुसत होतो."

"नियम म्हणजे नियम."

रेडिओने मागे वळून काकांकडे बघितलं. काकांनी डोळे मिटून घेतले होते. झालं, संपलं सगळं. वर्षभर 'मान खाली.' वजीर नेणार तरी कुठे? त्याने तो उचलला आणि जवळात जवळ, म्हणजे एकच घर पुढे सरकवला. बरणी फळीवर जरा पुढे ओढून ठेवावी तसा.

हेडसरांच्या कपाळावर आता स्पष्ट घाम दिसत होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला. "हेच," ते स्वतःशी पुटपुटले, "अगदी हेच. त्या नव्या पुस्तकात, तिसऱ्या प्रकरणात."

रेडिओने हे ऐकलं, पण त्याला अर्थ लागला नाही. त्याने घाबरून नजर वर उचलली आणि त्याला समोर काय दिसलं? हेडसरांच्या पाठीमागे पुस्तकांचं मोठं कपाट होतं. त्याला काचेची दारं होती आणि काचेत पट दिसत होता. आपल्या दुकानातला पट! राजा योग्य बाजूला, वजीर योग्य बाजूला, सगळं जिथल्या तिथे. परदेशात हरवलेल्या माणसाला गावातला शेजारी भेटावा तसं रेडिओला झालं. त्याने काचेत बघत बघत राजा दोन घरं डावीकडे नेला, हत्ती त्याच्यावरून उचलून पलीकडे ठेवला आणि किल्लेकोट पुरा केला. या वेळी घंटी वाजली नाही.

"मोठ्या बाजूला किल्लेकोट," हेडसर कळवळून म्हणाले. "म्हणजे तू हल्लाच करणार तर."

"बघू या," रेडिओ म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

त्यानंतर चार चाली झकास गेल्या. रेडिओ पटाकडे बघतच नव्हता. तो हेडसरांच्या डोक्यावरून काचेत बघायचा आणि हात खाली आपलं काम करायचा. दुकानात करायचा तसंच. पण बाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. त्यांनी रेडिओच्या नजरेचा माग काढला, काच बघितली आणि काचेत त्यांना रेडिओची बायको दिसली. ती एका हाताने गळ्याजवळ काहीतरी खुणा करत होती.

घंटी इतकी जोरात वाजली की बाजूच्या पटावरचा एक राजा आडवा झाला.

"खुणा चालल्यात! प्रेक्षकांतून खुणा चालल्यात!"

"अहो बाई, कसल्या खुणा?" बायको उभी राहिली. "यांच्या कॉलरचं बटण तुटलंय ते सांगत होते मी. सकाळी म्हटलं, दुसरा शर्ट घाला, तर ऐकतील तर शपथ! मला त्यातला घोडा आणि उंटसुद्धा सांगता येत नाही."

"मग हे वर का बघतात सारखे?"

आता काय सांगणार? 'मला बुद्धिबळ फक्त आरशात येतं' हे सोळा पटांसमोर कसं सांगायचं? "मान अवघडलीय बाई," रेडिओ म्हणाला. बाईंनी क्षणभर विचार केला, मग कालची वर्तमानपत्रं आणली आणि कपाटाची दारं वरपासून खालपर्यंत झाकून टाकली. बायकोची रवानगी मासिकांच्या कोपऱ्यात झाली.

रेडिओ पुन्हा परदेशात एकटा पडला. दहावी चाल त्याने आठवून आठवून केली. अकरावी हातानेच केली. बारावी चाल करून त्याने घड्याळाचं बटण दाबलं आणि त्याला कळलं की आपल्याजवळचं सगळं संपलं. पुढे काही नाहीच. पुढे फक्त मोकळी खुर्ची असते. पटावर सोंगट्यांची ही दाटी झालेली आणि त्याला एकही चाल दिसेना. हेडसर मान खाली घालून विचार करत होते. वीस मिनिटं गेली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

शेवटी हेडसरांनीही बारावी चाल केली आणि घड्याळ दाबलं. आता खेळायची पाळी रेडिओची. बारा चाली झाल्या, समोर एक माणूस बसला आहे, त्याच्या मानेवरचे केस जरा वाढलेत. पुढचं रेडिओने केलं नाही, ते चौदा वर्षांच्या सवयीने केलं. त्याचा हात खांद्याकडे गेला. तिथे नॅपकिन नव्हता, म्हणून त्याने खिशातला रुमाल काढला, फाट्‌कन झटकला आणि त्या भयाण शांततेत तो खणखणीत ओरडला,

"चला, नंबर!"

आणि हेडसर उठले!

पुरते उठले. चौदा वर्षांची सवय त्यांनाही होती. एक पाय खुर्चीबाहेर काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण दुकानात नाही. अख्खी खोली त्यांच्याकडे बघत होती. बाई घंटी वाजवायचीसुद्धा विसरल्या होत्या. एकोणीस वर्षं अपराजित असलेला माणूस डाव अर्धा टाकून उभा राहिलेला सगळ्यांना दिसत होता. आता परत बसायचं कसं? हेडसरांनी एकदा पटाकडे पाहिलं, एकदा रेडिओकडे पाहिलं, घसा साफ केला आणि उभ्याउभ्याच उजवा हात पुढे केला.

"बरोबरी?"

रेडिओ त्या हाताकडे बघत राहिला.

"सर, मी हरलो का?"

"अरे, बरोबरी म्हणतोय."

रेडिओ बाईंकडे वळला. "बाई, बरोबरी म्हणजे हरण्यात धरतात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कुणीच हरलं नाही. दोघांना अर्धा-अर्धा गुण."

"कुणीच हरलं नाही? नक्की? लिहून देता?"

"शांतता राखा!" बाई म्हणाल्या.

रेडिओने हेडसरांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचना. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो काय असतो हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मागे पोस्टमनकाका काठी आपटून आपटून दाद देत होते. मासिकांच्या कोपऱ्यातून बायकोने विचारलं, "काय झालं? गप्प बसायचं की नाही?" तिला कुणीतरी सांगितलं, नाही. "जाऊ दे," ती म्हणाली, "गुरुवारी घर कसं खायला उठलं होतं." रेडिओ दुसऱ्या फेरीत हातोहात हरला, पण त्याची त्याला पर्वा नव्हती. पैज पहिल्याच फेरीची होती.

सोमवारी दुकान बंद असे. मंगळवारी शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात हेडसर खालून वाकून आत आले. आत येऊन त्यांनी शटर परत खाली ओढलं.

"दाढी," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. रेडिओने चादर बांधली, फेस केला. वस्तरा गळ्यापाशी आल्यावर हेडसर म्हणाले, "आता खरं सांग. ते ओपनिंग तुला कुठून कळलं? त्याचं पुस्तक मला पार्सलने मागवावं लागलं, तेही गेल्या महिन्यात. मोठमोठे खेळाडू हल्ली ते खेळतात. तू कुठे वाचलंस?"

रेडिओ खोटं बोलू शकला असता. पण हेडसरांशी शाळेपासून कधी खोटं पचलं नव्हतं. त्याने वस्तऱ्यानेच आरशाकडे खूण केली.

"इथे."

हेडसरांनी आरशात बघितलं. पाठीमागे बाक होता, बाकावर पट मांडलेला होता, आणि पटावर राजा चुकीच्या बाजूला उभा होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि मग ते इतके हसले की फेस आरशापर्यंत उडाला.

"म्हणजे आपलीच नेहमीची सुरुवात! उलटी!"

"हो सर. आणि आणखी एक सांगतो. बाराव्या चालीनंतर मला काहीच येत नाही. इथे कधी डाव संपतच नाही ना. तुम्ही हात पुढे केला नसता तर माझी मेलेली आई आठवली असती."

हेडसरांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी बंद शटरकडे एकदा बघून घेतलं. मग एक मोठा श्वास सोडला. एकोणीस वर्षं आत धरून ठेवलेला असावा इतका मोठा.

"मलाही येत नाही," ते म्हणाले.

"काय येत नाही?"

"पुढचं. माझ्याजवळ सव्वीस पुस्तकं आहेत आणि सगळी सुरुवातीचीच आहेत. शेवटाचं पुस्तक उघडलं की मला झोप येते. म्हणून बाराव्या चालीला मी हात पुढे करतो, 'बरोबरी' म्हणतो. समोर जो असतो तो माझा विद्यार्थी असतोच. हेडसरांना नाही कोण म्हणणार? एकोणीस वर्षं हरलो नाही रे मी. पण जिंकलोही नाही. ते फोटोखाली कुणी लिहीत नाही."

रेडिओच्या हातातला वस्तरा जागच्या जागी थांबला. त्याला शाळा आठवली. हेडसरांच्या तासाला पुस्तकातले शेवटचे दोन धडे कधीच व्हायचे नाहीत. 'हे घरी वाचा,' ते म्हणायचे.

"परवा वाटलं, आता हा मला पुढे खेळायला लावतो," हेडसर म्हणाले. "तू रुमाल झटकलास ना, तेव्हा सुटलो असं वाटलं बघ. उपकार झाले तुझे."

"सर, मलाही तसंच वाटलं!"

दोघांनी आरशात एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही अगदी हलकं हलकं वाटत होतं. रेडिओने उरलेली दाढी गुणगुणत केली. नॅपकिनने तोंड पुसून हेडसर उठले, शटरपर्यंत गेले आणि वळले.

"हे कुणाला बोलायचं नाही हं."

"छे छे, सर!"

"छे छे नको. शब्द दे. एक अक्षरसुद्धा नाही. वर्षभर नाही, कायमचं."

मन इतकं भरून आलेलं असताना माणूस काहीही देऊन बसतो. "दिला शब्द," रेडिओ म्हणाला. हेडसर शटरखालून वाकून बाहेर पडले आणि रस्त्यानेसुद्धा हसत गेले.

रेडिओने शटर पूर्ण वर केलं, तर पायरीवर पोस्टमनकाका उभे होते. ते लगबगीने आत आले, खुर्चीत बसले, चादर स्वतःच गळ्याभोवती घेतली आणि आरशातून रेडिओकडे बघू लागले. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

"काय रे, बंद शटरच्या आत काय चाललं होतं? सर एवढे हसत का गेले? काय म्हणाले ते? पहिल्यापासून सांग, काही गाळू नको."

रेडिओने तोंड उघडलं. गावातली चौदा वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी थेट जिभेच्या टोकावर येऊन उभी होती. त्याच्या पोटात बारीक कळ उठली. त्याने गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवली आहे ते डोळ्यांनीच शोधलं, कंगवा हातात घेतला आणि अकरा केसांवर ठेवला.

"मान खाली," तो म्हणाला.